बाबांनी मशिनी खोलल्या तो दिवस

घरात सर्व्हर ठेवणाऱ्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. पहिला, लाइट बिल किती येतं? दुसरा, काहून, म्हणजे कशासाठी? पहिल्याचं उत्तर मी देत नाही. दुसऱ्याचं देता देता माझं डोकं तापतं, म्हणून आता तेही देणं बंद केलं आहे. मामा दर वेळी म्हणतो, "अबे, सगळं जग आपलं सामान ढगात ठेवून राहिलं, अन् तू जिन्याखाली!" मामाला काय सांगणार? आपलं सामान आपल्या घरी असावं, दुसऱ्याच्या मर्जीवर नसावं, एवढंच माझं म्हणणं होतं. नागपुरात, हुडकेश्वरच्या आमच्या घरात जिन्याखाली एक खोली आहे. बाकीचे लोक अशा जागी चपला आणि जुना कूलर ठेवतात. मी तिथे तीन मशिनी ठेवल्या. एका ऑफिसनं भंगारात काढलेले ते कॉम्प्युटर होते, पण तब्येतीनं ठणठणीत.

त्यांचं काम थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. एका खऱ्या मशीनच्या पोटात चार-पाच खोट्या मशिनी चालतात. एक फोटो सांभाळते, एक कागदपत्रं सांभाळते, एक आवाज सांभाळते. तीन खऱ्या मशिनींची मिळून एक टोळी असते, तिला क्लस्टर म्हणतात. टोळीतल्या दोघी जाग्या असल्या तरच टोळीचं काही चालतं. आमच्या कॉलनीच्या मीटिंगसारखंच आहे हे, कोरम नाही तर ठराव नाही. सामान ठेवायच्या डिस्क मात्र पहिल्या मशीनमध्येच होत्या. पहिल्या स्लॉटमध्ये सिस्टिमची डिस्क, दुसऱ्यात सगळं सामान, तिसऱ्यात त्याच सामानाची नक्कल ठेवणारी जोडीदार. तिन्ही एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या, एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं अशा.

आणि त्या दुसऱ्या डिस्कवर बाबांचा आवाज होता.

बाबा कळमेश्वरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात फिटर होते. पंप, गिअरबॉक्स, काय म्हणाल ते खोलायचे आणि परत बसवायचे. त्याबरोबर तंबाखू-सुपारीचा खर्रा. सकाळी एक पुडी, दुपारी एक, घरी आल्यावर एक. आईनं शपथा घातल्या, मी भांडलो, काही उपयोग झाला नाही. शेवटी घशानंच हिशेब मागितला. डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल, माणूस राहील, आवाज राहणार नाही. ऑपरेशनच्या आधी अकरा दिवस मिळाले. अकरा संध्याकाळी मी बाबांसमोर माइक ठेवला आणि म्हटलं, "बोला. काहीही बोला." ते बोलले. कारखान्याचं बोलले, गावचं बोलले, मला शिव्या घातल्या, भजन म्हटलं.

ऑपरेशननंतर बाबांच्या हातात पाटी आली. जे सांगायचं ते लिहून सांगायचं. पण आमची आई दुसरी शिकलेली. एकेक अक्षर लावत बसते, तोवर बाबांचा पारा चढतो. म्हणून त्यांनी आईला हाक मारायची वेगळीच रीत काढली. त्यांचा जुना पाना उशाशी असतो, तो घेऊन स्टीलच्या ग्लासावर दोनदा वाजवायचा. टण टण. आई आतून ओरडते, "आली, आली, दम धरा नं जरा!"

अकरा संध्याकाळींपैकी आईची एक ठरलेली होती. तिच्या फोनवर मी ते सगळं लावून दिलं होतं, फोनवरून ती घरच्याच सर्व्हरवरचं ऐकायची. रोज दुपारी भांडी आटोपली की फोन डब्याला टेकवून तीच एक फाइल लावायची. जाता-येता माझ्या कानावर पडायचं तेवढ्यावरून, त्यात बाबा कारखान्याचं काहीतरी सांगतात आणि शेवटी थांबून आतल्या खोलीतल्या आईला हाक मारतात, "अवं, च्या टाक वं थोडा!" तेवढ्या चहाच्या हाकेसाठी ती अख्खी फाइल ऐकायची. मी एकदा विचारलं, तेवढाच तुकडा कापून देऊ का? तर म्हणाली, "नोको. ते पूर्ण बोलल्यावरच हाक मारतात, मधातूनच कशी मारतील?" आता याला काय बोलावं!

खरी चूक इथून सुरू होते, आणि ती माझी आहे. मे महिन्यात, नागपूरचा मे, जिन्याखाली भट्टी, तिसरी डिस्क गेली. जोडीदार गेली म्हणजे सामान एकाच डिस्कवर उरलं. मी नवीन डिस्क आणली, स्लॉटमध्ये सरकवली आणि जोडी लावायचं काम उद्यावर टाकलं. स्क्रीनवर रोज लाल ओळ दिसायची, सामानाला जोडीदार नाही म्हणून. रोज मी म्हणायचो, हाव बाप्पा, दिसून राहिलं मले. पाऊस आला, गणपती आले, गेले. लाल ओळ तिथेच. दुसऱ्याच्या सर्व्हरवर अशी ओळ दिसली असती तर मी तासभर लेक्चर दिलं असतं.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी अवजारांची पूजा असते. बाबांचं तर हे वर्षातलं सर्वांत मोठं काम. कारखान्यात त्या दिवशी मशीन बंद, खोलून साफ, हळद-कुंकू, नारळ. रिटायर झाल्यावर ते घरच्या शिलाई मशीनवर, माझ्या गाडीवर, मिक्सरवर आले. मी सकाळी धरमपेठेत ऑफिसला निघालो तेव्हा त्यांनी पाटी दाखवली, "तुझ्या मशिनीला आज आराम." मी हसलो, मान हलवली, निघालो. पूजा करतील, फूल ठेवतील, एवढंच डोक्यात आलं. बाबांच्या डोक्यात आराम म्हणजे आराम होता.

दुपारी ऑफिसातून बघतो तर घरचं काहीच लागेना. फोटो नाही, कागद नाही, काही नाही. आईला फोन केला तर ती म्हणाली, "मी त मंदिरात आहे रे, हे बसले आहेत तुया खोलीत, झाडूझुडू करून राहिले." मी गाडीची किल्ली उचलली. झाडूझुडू?

घरी पोचलो तर खोलीचं दार उघडं, मेन स्विच बंद, तिन्ही मशिनींची झाकणं काढून भिंतीला टेकवलेली. आत धुळीचा कण नाही. पंखे लखलखीत. पहिल्या मशीनच्या डिस्क बाहेर काढून, पुसून, परत सरकवलेल्या. आणि सगळीकडे हळद आणि कुंकू! प्रत्येक डिस्कच्या तोंडावर हळदीचं बोट आणि कुंकवाचे ओले ठिपके, कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन, हात सुटेल तसे. मध्ये झेंडूचं फूल. बाबा स्टुलावर बसून माझ्या शाबासकीची वाट पाहत होते.

मी भडकलोच. "बाबा, हे काय करून ठेवलं? चालू मशीनचा मेन स्विच बंद करतात का कोणी? अन् हे कुंकू! पंख्यात गेलं तर? तुमच्या कारखान्याचा पंप आहे का हा?" बाबा उठले. हातानं काहीतरी सांगायला लागले, डिस्ककडे बोट, मग स्लॉटकडे बोट, मग बोटं वर. पाटी शोधायला लागले. मी म्हटलं, "बाबा, आता नको. माझं डोकं खाऊ नका. जा तुम्ही बाहेर." मी तिन्ही डिस्क ओढून काढल्या, टेबलावर टाकल्या, स्पिरिटचा बोळा घेऊन एकेकीचं तोंड घासून घासून पुसलं. पांढऱ्या स्वच्छ केल्या. परत सरकवल्या. तोवर बाबांनी पाटीवर काहीतरी लिहून आणलं होतं. मी पाठ फिरवून वायर लावत होतो. त्यांनी थोडा वेळ पाटी धरून ठेवली, मग स्वतःच बाहीनं पुसली आणि गेले. त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. म्हणजे लिहिलं नाही. मुकं माणूसही अबोला धरू शकतं आणि तो बोलणाऱ्याच्या अबोल्यापेक्षा जास्त लागतो, हे मला त्या आठवड्यात कळलं.

स्विच चालू केला. दुसरी आणि तिसरी मशीन उठल्या, पण सामान कुठे आहे म्हणून बोंबलत बसल्या. पहिली उठेचना. काळ्या पडद्यावर एकच ओळ, सिस्टिम सापडत नाही. मी म्हटलं, झालं. असा दाणकन मेन स्विच बंद केला की सिस्टिमची वाट लागणारच. मनातल्या मनात बाबांना आणखी चार शब्द ऐकवले. पण घाबरलो नव्हतो. सिस्टिम पहिल्या डिस्कवर, सामान दुसऱ्या डिस्कवर. सिस्टिम नव्यानं टाकायची, सामान परत जोडायचं, अर्ध्या दिवसाचं काम.

दुसऱ्या दिवशी दसरा. ऑफिसला सुट्टी. पुरणाचा वास घरभर आणि मी जिन्याखाली. पेन ड्राइव्हवर सिस्टिम भरली, मशीन म्हणते हा पेन ड्राइव्ह मला दिसत नाही. दुसरा लावला, दिसला, पण मध्येच पडदा काळा. सेटिंगमध्ये एक खूण जुन्या पद्धतीची होती ती नवीन केली, तर आता पेन ड्राइव्ह दिसतो पण कीबोर्ड चालत नाही. मी कीबोर्डला शिव्या घालत होतो आणि वर सोनं द्यायला पाहुणे येत होते. प्रत्येक जण जिन्याखाली वाकून बघायचा, हातात आपट्याची पानं द्यायचा आणि सल्ला द्यायचा. "बंद करून चालू केलं का?" "माह्या साडूचं पोरगं करते कॉम्प्युटरचं, बोलावू का?" मामा तर कपाळावर हात मारून म्हणाला, "म्हटलं होतं मी तुले, ढगात ठेव!" मी म्हटलं, "मामा, सोनं घ्या, सोन्यासारखे राहा, अन् वर जाऊन जेवा."

दुपारी कसंबसं इन्स्टॉल सुरू झालं. त्यानं विचारलं, सिस्टिम कोणत्या डिस्कवर टाकू? समोर तीन नावं, तिन्ही एकाच मापाची. मी पहिली निवडली. पहिला स्लॉट म्हणजे सिस्टिम, हे माझ्या हाताला पाठ होतं. मग ते म्हणालं, या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, नक्की? हा प्रश्न मी आयुष्यात शंभर वेळा वाचला असेल, म्हणजे एकदाही वाचला नसेल. दाबलं.

सिस्टिम झकास बसली. मग ती टोळीत जाईना! जुन्याच नावानं गेली तर बाकीच्या दोघी म्हणतात, ही ती नाही, हिची किल्ली वेगळी आहे. आधी जुन्या मेलेल्या मशीनचं नाव टोळीतून काढा, मग नवीला घ्या. त्यात संध्याकाळ झाली. शेवटी तिघी एकत्र आल्या, हिरव्या झाल्या. मी खुशीत सामानाची डिस्क जोडायला गेलो. दुसरा स्लॉट उघडला आणि बघतच राहिलो.

दुसऱ्या स्लॉटमध्ये माझी जुनी सिस्टिम होती. अख्खी, ठणठणीत, जिला मी मेली समजत होतो ती. तिला काही झालंच नव्हतं. मशीन पहिल्या स्लॉटमध्येच तिला शोधत होती आणि ती तिथे नव्हती, एवढंच. तिसऱ्या स्लॉटमध्ये ती मे महिन्यात आणलेली कोरी डिस्क. मग पहिल्या स्लॉटमध्ये काय होतं, जिच्यावर मी आता नवीन सिस्टिम टाकली?

बाबांचा आवाज होता.

आईला सांगायला वर गेलो तेव्हा ती डब्याला फोन टेकवून बसली होती. स्क्रीनवर नुसतं चाक फिरत होतं. "कालपासून लागूनच नाही राहिलं रे," ती म्हणाली. मी सांगितलं. सगळं सांगितलं असं म्हणतो, पण त्यात "बाबांनी डिस्क इकडच्या तिकडे केल्या" हेही होतं. तशी माझी खात्रीच होती. आईला डिस्क-बिस्क काही कळलं नाही. तिनं एवढंच विचारलं, "म्हणजे आता ते च्यावालं नाही का?" मी म्हटलं, बघतो. ती म्हणाली, "बघ बाप्पा," आणि फोन पदराला पुसून ठेवून दिला. त्यापेक्षा तिनं मला दोन ठेवून दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ऑफिसात रजा टाकली. साहेबांनी कारण विचारलं. घरी एक जण सीरियस आहे म्हणून सांगितलं.

मग सुरू झाली तपश्चर्या. आधी त्या डिस्कला हात लावायचा नाही, तिची जशीच्या तशी नक्कल कोऱ्या डिस्कवर करायची आणि शोधाशोध नकलेत करायची. कोरी डिस्क निदान इथे तरी कामी आली. नक्कल व्हायला एक दिवस. इंटरनेटवर मदत मागितली तर कुठल्या तरी देशातल्या माणसानं उलट विचारलं, बॅकअप नव्हता का? अरे भैताडा, बॅकअप असता तर मी तुझ्या दारात कशाला आलो असतो? दुसऱ्यानं लिहिलं की नवीन सिस्टिमनं डिस्कचा सुरुवातीचाच भाग खाल्ला असेल, मागचं सापडू शकतं, पण नावं मिळणार नाहीत, तुकडे मिळतील. त्याला मी मनातल्या मनात पुरणपोळी वाढली.

शोधायला आणखी दीड दिवस. हे सगळे दिवस बाबा पडवीत खाटेवर बसून असायचे. मी जाता-येता बघायचो, ते तोंड फिरवायचे. मीही फिरवायचो. माझं म्हणणं एवढंच होतं, तुमच्याच आवाजासाठी मरून राहिलो ना मी इथे? एकदा तर आईनं ताट वाढलं तेव्हा मी मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "काही लोकांना हात लावल्याशिवाय चैन पडत नाही." पाना ग्लासावर वाजला, टण टण टण टण, नुसता रागानं. आई म्हणाली, "बापलेक दोघंही सारखेच, एक बोंबलतो अन् एक वाजवतो."

रविवारी दुपारी यंत्रानं शोध संपवला आणि यादी दिली. नावं गेलेली, नुसते आकडे. एकेक उघडून ऐकायची. बऱ्याच फाइलींत खरखर. एकीत अर्धं भजन. एकीत बाबा मला शिव्या घालतात ते मात्र पूर्ण, देवाची करणी. भांडी आटोपून आई माझ्यामागे येऊन उंबऱ्यावर बसली होती. बाबाही कसे कोण जाणे, खाटेवरून उठून ग्लास आणि पाना घेऊन दाराशी येऊन उभे राहिले होते. आणखी एक आकडा उघडला. स्वच्छ आवाज आला.

"...पंप खोलायच्या आधी पह्यले खूण करायची. पह्यल्या पार्टले एक ठिपका, दुसऱ्याले दोन, तिसऱ्याले तीन."

आई सरसावून बसली. "हेच," म्हणाली, "हेच ते च्यावालं." आणि मग तिनं बाबांच्या आवाजाबरोबरच, एक शब्दही न चुकता, ओठांतल्या ओठांत म्हणायला सुरुवात केली.

"जेथून काढला तेथंही तेवढेच ठिपके मारायचे. मंग डोळे झाकून बसवा, चुकत नाही. खडूनं मारा का कुंकवानं मारा, पण खूण पायजेच. अन् खूण कोणी पुसली, त मी त्याच्या कानाखाली वाजवतो, मंग तो हेल्पर असो का साहेब असो."

मी बटण दाबून थांबवलं. वळून बाबांकडे बघितलं. त्यांनी पाना काखेत धरला, एक बोट वर केलं, मग दोन, मग तीन. मग तळहात हवेत घासून पुसल्याची खूण केली आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

मी उठून पहिल्या मशीनसमोर गुडघ्यावर बसलो, मोबाइलचा टॉर्च लावला. डिस्कची तोंडं मी पुसली होती. स्लॉटच्या कडा पुसायचं मला सुचलं नव्हतं. तिथे, पहिल्या स्लॉटखाली कुंकवाचा एक ठिपका होता. दुसऱ्याखाली दोन. तिसऱ्याखाली तीन. वाळून घट्ट बसलेले. माझ्या बापानं तीन सारख्या दिसणाऱ्या डिस्क काढल्या होत्या आणि एकही न चुकवता ज्याच्या त्याच्या जागी ठेवल्या होत्या. इकडच्या तिकडे मी केल्या होत्या.

"यात सांगतलंच आहे नं त्यायनं," आई म्हणाली. "मी त रोजच आयकते. तू कधी आयकलंच नाही का रे हे?"

नव्हतं ऐकलं. बाबा हे बोलत होते त्या संध्याकाळी मला ऑफिसचा फोन आला होता, मी माइक चालू ठेवून गच्चीवर गेलो होतो. नंतर फाइल पूर्ण आली का एवढं बघितलं, तीन मशिनींच्या पहाऱ्यात ठेवून दिली. अकरापैकी एकही संध्याकाळ मी नंतर बसून ऐकलेली नव्हती. हे आईला कसं सांगणार? "बाबा, चुकलो," एवढं म्हटलं. बाबांनी पाटी आणली नाही. पान्याच्या टोकानं माझ्या कानाखाली हलकेच टेकवलं.

"लाव नं पुढचं," आई म्हणाली. "आता हाक येते."

मी बटण दाबलं. बाबा पुढे कुठल्या तरी साहेबाची गंमत सांगत होते. मग थांबले. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आईनं पदर सावरला.

"अवं..."

आणि खरखर. मी मागे घेऊन परत लावलं, परत तेच. पुढचा भाग नव्या सिस्टिमखाली गेला होता. दुसरे आकडे बघतो, असेल कुठे तरी, मी म्हणत होतो, पण मला माहीत होतं की नाही. आई स्क्रीनकडे बघत होती. "एवढंच राह्यलं का?" तिनं विचारलं.

मी काही बोलायच्या आत मागून आवाज आला, टण टण.

आईनं वळून बघितलं. बाबांनी ग्लास तोंडाला लावल्यासारखा केला आणि पुन्हा एकदा पाना वाजवला.

"आली, आली," आई गुडघ्यावर हात टेकून उठत म्हणाली, "दम धरा नं जरा. टाकते च्या."